डोळ्यातले कुसळ

म्हणी व वाक्प्रचार हा भाग आम्ही वर्गात नेहमीच घाईने उरकत आलो आहोत. कामठीच्या ज्या महाविद्यालयात आम्ही दोघे गेली सतरा-अठरा वर्षे मराठी शिकवतो, तेथे या भागाला परीक्षेत चार-पाच गुण असतात आणि विद्यार्थ्यांना त्या म्हणी घरूनच येत असतात, असे आम्ही गृहीत धरतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण तर फळ्यावर अर्धी लिहिली की मागच्या बाकावरून उरलेली अर्धी येते. अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करून घ्यायचा आणि पुढे जायचे. कुसळ म्हणजे धान्याच्या ओंबीवरचा तो टोकदार, खरखरीत केस, आणि तो खरोखरच माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतो, ही गोष्ट आम्ही कधी थांबून सांगितली नाही. ती आम्हाला शिकावी लागली, आणि शिकण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

कन्हान नदी ओलांडून मौद्याच्या दिशेने गेले की कापूस, सोयाबीन मागे पडतात आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. या धानपट्ट्यातला एक मुलगा आमच्याकडे एम. ए. झाला. २०२२च्या नोव्हेंबरअखेर एका सकाळी तो वडिलांना घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिला. वडिलांच्या उजव्या डोळ्यावर रुमाल होता. "काय झाले?" असे विचारल्यावर उत्तर वडिलांनीच दिले : "चुरणी सुरू होती जी. डोयात कुसय गेलं." सहा दिवस झाले होते. गावातल्या औषधाच्या दुकानातून मिळालेले थेंब घातल्यावर दोन दिवस लाली उतरली, मग दुखणे दुपटीने वाढले. (त्या थेंबांत स्टेरॉइड होते हे नंतर कळले. बुरशी असलेल्या डोळ्यात असे थेंब वरवरची सूज घालवतात, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते.) ओळखीच्या एका दवाखान्यात आम्ही त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळा पाहिला, औषध दिले आणि डोळ्याचा स्वॅब कल्चरसाठी पाठवायला सांगितला.

प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक अर्ज पुढे आला. नाव, वय, नमुन्याचा प्रकार आणि खाली एक लांबट रिकामा चौकोन : रुग्णाचा पूर्वेतिहास. खिडकीतल्या मुलीने आमच्याकडे पाहून म्हटले, "सर, तुम्हीच भरून द्या ना." सुशिक्षित माणसाला असे काम सांगितले की तो सुखावतो. आम्ही पेन काढले. 'डोळ्यात कुसळ गेले' असे लिहिणे आम्हाला त्या छापील अर्जावर काहीसे गावंढळ वाटले असावे. नेमके काय वाटले ते आता आठवत नाही, पण जे लिहिले ते आठवते. आम्ही लिहिले : डोळ्यास इजा.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. ४८ तासांत जिवाणूंची वाढ नाही. आम्हाला हायसे वाटले. काही उगवले नाही, म्हणजे काही नाही, असा आमचा समज झाला. आणखी आठवडाभराने बुबुळावर पांढरट डाग दिसू लागला, त्याच्या कडा पिसासारख्या पसरलेल्या होत्या. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले, मग बुबुळाचा पृष्ठभाग हलकेच खरवडून नमुना घेतला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तो ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्याच दुपारी बुरशीचे तंतू दिसले. चौथ्या दिवशी कल्चरमध्येही वाढ आली. पुढे फ्युजेरियम असे नाव कळले. दर तासाला नॅटामायसिनचे थेंब, असे कितीतरी आठवडे चालले. डोळा वाचला, दृष्टी पूर्ण वाचली नाही.

आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमची प्रयोगशाळा मराठी विभागाच्या समोरच्या व्हरांड्यात आहे. वर्षानुवर्षे तिकडून उकडलेल्या बटाट्यांचा आणि यीस्टचा वास येई आणि आम्ही त्यावर विनोद करत असू. हे सारे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी तो अर्ज पाहायला मागितला. मुलाच्या फायलीत त्याची प्रत होती. वाचून त्या म्हणाल्या, "सर, यावर कुसळ असं लिहिलेलं असतं, तर मी एक प्लेट जास्त टाकली असती. आणि ४८ तासांनी कुठलीच प्लेट फेकली नसती." मग आमचे चेहरे पाहून त्यांनी पुढे जोडले, "तसं नुसत्या स्वॅबवर भरवसा नसतोच. खरवडूनच घ्यावं लागतं. सगळं तुमच्या एका शब्दावर होतं असं नाही." त्यांचा हा दिलासा आम्ही ऐकला, लक्षात मात्र पहिले वाक्य राहिले.

एक प्लेट जास्त म्हणजे काय, हे समजून घ्यायला आम्ही त्यानंतर अनेक दुपारी त्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. साहित्याच्या वाचकांना त्यात काही सांगण्यासारखे आहे असे वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

ज्यावर जंतू वाढवायचे त्या खाद्याला मराठीत 'माध्यम' म्हणतात. आम्हाला हा शब्द दुसऱ्या अर्थाने परिचित : शिक्षणाचे माध्यम, अभिव्यक्तीचे माध्यम. माध्यम पारदर्शक असते, त्यातून आशय जसाच्या तसा पलीकडे जातो, अशी भाबडी कल्पना साहित्याच्या अभ्यासकाने केव्हाच सोडलेली असते. प्रयोगशाळेविषयी मात्र आमची तीच कल्पना होती. नमुना ठेवला की जे असेल ते उगवणार. प्रत्यक्षात जे उगवते ते तुम्ही ताटात काय वाढले त्यावर ठरते.

ताटाचा तळ म्हणजे अगार, समुद्रशेवाळापासून काढलेला, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून जेलीसाठी मिळतो तोच पदार्थ. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करत. त्यांचे जिलेटिन उन्हाळ्यात वितळे आणि जंतूही ते पचवून पातळ करत. १८८१मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातला अगार सुचवला. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना तो ठाऊक झाला होता. मुरांबे आणि जेली करणाऱ्या हातांनी वैद्यकाला दिलेली ही देणगी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज ओतली जाते.

त्या अगारावर बुरशीसाठी काय वाढायचे, हे ठरवले पॅरिसच्या रेमंड सबुरो यांनी. लहान मुलांच्या डोक्यातील गजकर्णाने ते झपाटलेले होते, आणि वैद्यकाबरोबर शिल्पकलाही करत. त्यांनी साखर आणि पेप्टोन यांचे ठरावीक माध्यम बनवले, कारण एकच बुरशी निरनिराळ्या खाद्यावर निरनिराळे रूप घेते. सर्वांनी एकच खाद्य वापरले तरच एकाने पाहिलेले दुसऱ्याला ओळखता येईल. प्रयोगशाळेत आज त्याला नुसते 'एसडीए' म्हणतात : लिटरला ४० ग्रॅम ग्लुकोज, १० ग्रॅम पेप्टोन, आणि आंबटपणा ५.६ पीएचच्या आसपास. बहुतेक जिवाणूंना इतके आंबट आणि गोड मानवत नाही, बुरशीला चालते. पुढे अमेरिकेतील चेस्टर एमन्स यांनी साखर निम्मी केली आणि आंबटपणा जवळजवळ काढून टाकला. तेव्हा जिवाणूंना आवरण्याचे काम आंबटपणाऐवजी क्लोरॅम्फेनिकॉल, जेंटामायसिन अशा प्रतिजैविकांकडे गेले.

इथपर्यंत सोपे आहे. खरी निवड पुढे येते. सायक्लोहेक्झिमाइड नावाचे एक द्रव्य माध्यमात घालता येते. ते हवेतून पडणाऱ्या, माती-पानांवर जगणाऱ्या सामान्य बुरश्यांना दडपते. त्वचा, केस, नखे यांचा नमुना असेल तर हे वरदानच. गजकर्णाची बुरशी हळू वाढते, आणि ती दिसण्याआधी रानटी बुरश्या सगळी प्लेट व्यापून टाकतात. शेतकऱ्याच्या भाषेत ही निंदणी झाली. पण धानाच्या कुसळावरून डोळ्यात शिरणारी बुरशी हीच मुळात रानटी असते. फ्युजेरियम, अॅस्परजिलस या माती-पाचोळ्यावरच्याच. सायक्लोहेक्झिमाइड घातलेल्या प्लेटवर डोळ्याचा नमुना लावला तर तण म्हणून उपटले जाते तेच नेमके शोधायचे पीक असते. म्हणून डोळ्यासाठी ते द्रव्य नसलेलीच प्लेट हवी. कुठल्या शरीरभागातून आणि कशा इजेतून नमुना आला, हे कळल्याशिवाय तण कोणते आणि पीक कोणते हे ठरवताच येत नाही.

त्यातही डोळ्याचा नमुना तो केवढा! पात्याच्या टोकाला चिकटलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा कण. दहा प्लेटांवर तो पुरत नाही. मॅडमनी आम्हाला दाखवले : पात्याचे टोक अगारावर इंग्रजी 'सी'च्या आकारात टेकवत जायचे. पुढे वाढ त्या रेषेवर आली तर ती रुग्णाची. रेषेबाहेर आली तर हवेतून पडलेली. एक ब्लड अगार, एक चॉकलेट अगार, एक एसडीए, जमल्यास बटाट्याचे माध्यम. जिवाणूंच्या प्लेटा ३७ अंशांवर, बुरशीची २५ ते ३० अंशांवर. आणि बुरशीची प्लेट निदान दोन-तीन आठवडे ठेवायची. 'वाढ नाही' या दोन शब्दांना किती दिवस वाट पाहिली आणि कशावर वाट पाहिली याची जोड नसेल, तर त्यांचा अर्थ काहीच लागत नाही. आमच्या अहवालात तर 'जिवाणूंची' हा शब्दही स्पष्ट होता; घाईने वाचताना तो आमच्या नजरेतून सुटला. शब्दांवर पोट भरणाऱ्यांकडून हे घडले, हे नमूद करायला हवे.

बटाट्याच्या माध्यमाची गोष्ट आम्हाला विशेष वाटली. एसडीएवर फ्युजेरियम भरघोस वाढते, कापसासारखे पांढरे, कधी किंचित जांभळट. पण नुसत्या कापसावरून नाव सांगता येत नाही. नाव सांगायला बीजाणू लागतात, फ्युजेरियमचे कोयत्यासारखे वाकडे बीजाणू, आणि ते सुकाळात सहसा नीट धरत नाहीत. म्हणून त्याला हलक्या खाद्यावर न्यायचे : बटाट्याचा काढा घातलेला अगार, मक्याच्या पिठाचा अगार, फ्युजेरियमचे खास अभ्यासक तर कार्नेशनच्या पानाचे निर्जंतुक तुकडे साध्या अगारावर ठेवतात. उपासमार झाली की बुरशी पुढच्या पिढीची तरतूद करते, आणि मगच आपली ओळख देते.

हे ऐकताना २०२१चा उन्हाळा आठवणे अपरिहार्य होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस हा अवघड शब्द नागपूर जिल्ह्यात भाजीवाल्यांच्याही तोंडी आला होता. आमच्या परिचयातल्यांनी त्यात डोळे गमावले, जबडे गमावले. त्या बुरशीच्या तंतूंना आडवे पडदे जवळपास नसतात. नमुन्याचा तुकडा खलात वाटला तर तंतू फुटून मरतात आणि कल्चरमध्ये काहीच येत नाही. तुकडा बारीक कापून तसाच माध्यमावर ठेवायचा असतो. सायक्लोहेक्झिमाइड तिलाही दडपते. याच कुळातल्या एका बुरशीचे नाव सॅक्सेनिया. सागर विद्यापीठातील एस. बी. सक्सेना यांनी १९५३मध्ये तिचे वर्णन केले. नमुना तिकडच्याच मातीतला होता. सागर तेव्हा ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. ही बुरशी माणसाच्या जखमेतही सापडते, पण नेहमीच्या माध्यमांवर नुसती वाढते, बीजाणू धरत नाही, म्हणून अनोळखी राहते. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातील ए. ए. पाध्ये आणि लिबेरो अजेलो यांनी १९८८मध्ये त्यावर साधी युक्ती प्रसिद्ध केली : वाढलेल्या अगाराचा तुकडा कापून पाण्यात ठेवायचा, त्यात यीस्टच्या अर्काचे थोडे थेंब. जवळजवळ उपाशी ठेवले की ती बीजाणू धरते. लेखकाचे पाध्ये हे आडनाव वाचून आम्ही क्षणभर उगाचच सुखावलो.

आणखी एका माध्यमाने आम्हाला थेट घरी नेले. क्रिप्टोकॉकस नावाचे एक यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत असते आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. साध्या एसडीएवर त्याच्या वसाहती इतर यीस्टसारख्याच मलईरंगी दिसतात. जर्मनीतील फ्रीडरिश श्टाइब यांनी १९६२च्या सुमारास पक्ष्यांच्या खाद्यातले एक बी दळून माध्यमात घातले. क्रिप्टोकॉकस त्या बियांतल्या द्रव्यापासून रंगद्रव्य बनवते आणि गर्द तपकिरी होते. शेजारची यीस्टे पांढरीच राहतात. ते बी म्हणजे आपले कारळे. ज्याची चटणी आम्ही भाकरीशी खातो, त्यावर ठेवले की एक प्राणघातक यीस्ट स्वतःहून रंग बदलून वेगळे उभे राहते. शंभर अनोळखी वसाहतींत एक ओळखण्यासाठी तिला नेमके काय विचारायचे, हे ज्याला सुचले त्याला आम्ही उत्तम समीक्षक म्हणू.

आणि कधी माध्यमाची चूक औषधाचीच चूक होते. शेतात अनवाणी चालताना काटा रुतून वर्षांनी पाय सुजतो, भोके पडतात, त्यांतून खसखशीएवढे दाणे गळतात. 'मदुरा फूट' या नावाने जुन्या काळी ओळखल्या गेलेल्या या रोगाला मायसेटोमा हे नाव १८६०मध्ये हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी दिले. ग्रे यांच्या शरीररचनेवरील १८५८च्या ग्रंथातली चित्रे काढणारे तेच हे कार्टर. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होते. १८७४च्या ग्रंथात त्यांनी या रोगाला भारताचा बुरशीरोग म्हटले. त्यांच्या हाती अगार नव्हता, सूक्ष्मदर्शक आणि चित्रकाराची नजर होती. नंतर कळले की यातले कित्येक पाय बुरशीने सुजलेले नसतात. तंतूंसारखे दिसणारे जिवाणू तोच रोग घडवतात. त्यांना प्रतिजैविके पुरतात. खऱ्या बुरशीला दीर्घ औषधे आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. आता बुरशीच असणार असे ठरवून दाणे केवळ प्रतिजैविक घातलेल्या प्लेटवर लावले, तर ते जिवाणू उगवणारच नाहीत. म्हणून दाणे धुऊन दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लावतात. आपला अंदाज चुकीचा असेल, तर ते दाखवणारी एक प्लेट मुद्दाम ठेवायची असते.

तात्पर्य काढण्याची आम्हाला व्यवसायाने लागलेली सवय आहे, तरी एवढेच सांगतो. प्रत्येक नमुन्यासाठी जगातली सगळी माध्यमे मांडता येत नाहीत. नमुना पुरत नाही आणि पैसाही. म्हणून निवड करावी लागते, आणि ती निवड प्लेटच्या कितीतरी आधी, त्या रिकाम्या चौकोनात होते. धान की तूर, काटा की माती, आधी कोणते थेंब घातले, मधुमेह आहे का. हे सर्व रुग्णाला माहीत असते आणि तो ते सांगतही असतो, स्वतःच्या शब्दांत. त्याचा शब्द आणि अर्ज यांच्यामध्ये आमच्यासारखे कुणीतरी उभे असते आणि शुद्धलेखन करते. 'कुसय'चे 'कुसळ' केले असते तरी काही बिघडले नसते. आम्ही त्याची 'इजा' केली.

मॅडमबरोबर बसून आम्ही अर्ध्या पानाची एक प्रश्नावली मराठीत तयार केली आहे. त्यांचे बी. एस्सी.चे विद्यार्थी पुढे प्रयोगशाळांत नोकरीला लागतात. त्यांना ती देतो. शेवटची सूचना अशी आहे : रुग्णाने वापरलेला शब्द आधी जसाच्या तसा लिहावा, त्याचे शास्त्रीय नाव नंतर. कोणी ती पाळते की नाही, यावर आमचा ताबा नाही. म्हणींचा तास मात्र आता घाईने होत नाही. धानाची लोंबी वर्गात नेतो, हातोहात फिरवतो.

गेल्या दिवाळीनंतर तो विद्यार्थी नव्या तांदळाची पिशवी घेऊन घरी आला, सोबत वडील होते. डोळ्यावर रुमाल नव्हता, बुबुळावर ढगाळ वण होता. चहा घेताना आम्ही भीतभीतच विचारले, कितपत दिसते? त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ काढले, तळहातावर पसरले आणि बराच वेळ पाहिले.

"दाना दिसते जी," ते म्हणाले. "कुसय नाही दिसत."